मधुमेही उंदरांवरील प्रयोगाची परवानगी : अर्ज नेमका कुठे अडतो

स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा अलोक्सान टोचून उंदरांना मधुमेह करायचा आणि मग एखाद्या वनस्पतीचा अर्क पाजून साखर किती उतरते ते पाहायचे, हा एम. फार्म.च्या प्रबंधाचा वर्षानुवर्षे चालत आलेला विषय आहे. तरीही याच विषयाचे अर्ज संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडून सर्वाधिक परत येतात, आणि त्यामागे समितीच्या आडमुठेपणापेक्षा सिनिअरच्या फाइलमधून जसाच्या तसा उतरवलेला फॉर्म बी, म्हणजे परवानगीचा अर्ज, हेच कारण बहुधा असते.

प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती असून, 1998 च्या नियमांनुसार तिच्याकडे नोंदणी असलेल्या संस्थेतच असे प्रयोग करता येतात. आधी सीपीसीएसईए म्हणून ओळखली जाणारी ही समिती आता सीसीएसईए या नावाने काम करते, त्यामुळे जुन्या नावाचा फॉर्म भरण्यापूर्वी कार्यालयात चौकशी करावी. उंदीर, ससे, गिनीपिग अशा लहान प्राण्यांच्या प्रयोगाचा निर्णय संस्थेच्या पातळीवर होतो. अर्जदार म्हणून प्रमुख संशोधकाच्या रकान्यात गाईडचे नाव येते आणि विद्यार्थ्याचे नाव त्याखाली असते.

फॉर्म बी, सिनॉप्सिस, प्राणी कुठून आणणार याचा तपशील आणि सह्या हे सगळे एका दिवसात जमते. जमत नाही ते वनस्पतीच्या ओळखीचे प्रमाणपत्र. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा वनस्पतिशास्त्र विभागात नमुना न्यायचा तर तो फुलाफळांसह हवा. नुसत्या पानांवरून खात्रीने ओळख पटवणे तज्ज्ञालाही अवघड जाते. सुकामेव्याच्या दुकानातून आणलेली मधुनाशिनीची पूड घेऊन रांगेत उभे राहिलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. विषय ठरताक्षणी त्या झाडाच्या फुलोऱ्याचा हंगाम विचारून घ्यावा, नाहीतर पुढचा बहर येईपर्यंत प्रबंधाची मुदत संपते.

दुसरी अडचण संख्येची. ‘प्रत्येक गटात सहा’ हे वाक्य समर्थन म्हणून चालत नाही. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा केल्यावर उत्तर 10 ते 20 च्या दरम्यान यावे, असा एक सोपा आणि मान्य आडाखा आहे. पाच गटांत पाच-पाच प्राणी घेतले तर 25 वजा 5, म्हणजे 20. त्यातील निरोगी गट सोडून 20 जणांना इंजेक्शन द्यायचे आणि पाचवा हिस्सा दगावेल असे धरले, तर 20 ला 0.8 ने भागून 25 लागतात; वीस टक्के वाढवून 24 लिहिणारे सगळेच एकाने कमी पडतात. शिवाय दर किलो वजनाला 2000 मिलिग्रॅमच्या मर्यादा डोसची तीव्र विषाक्तता चाचणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 423 क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे करणार असाल, तर तिच्या सहा माद्या याच अर्जात धराव्या लागतात. म्हणजे निरोगी गटाचे पाच, मधुमेहासाठी 25 आणि चाचणीच्या सहा, असे 36.

तिसरी जागा शास्त्राची आहे. एकाच मोठ्या डोसमध्ये स्ट्रेप्टोझोटोसिन दिले की स्वादुपिंडातील बीटा पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात. अशा उंदरांत तुलनेसाठी ग्लिबेनक्लामाइड ठेवले तर उरलेल्या पेशींतून इन्सुलिन काढणारे ते औषध काम करणार कशावर, हा प्रश्न समितीतला कोणीतरी विचारतोच. प्रकार दोनचा मधुमेह अभ्यासायचा असेल तर आधी निकोटिनामाइड देऊन काही पेशी वाचवण्याची, किंवा जास्त चरबीचा आहार देऊन मग कमी डोस टोचण्याची पद्धत आहे. त्यातली निवड का केली, हे दोन ओळींत लिहावे. ‘ईथरची भूल’ हे शब्द जुन्या शोधनिबंधातून आलेले असतात. ते काढून टाकावेत.

इंजेक्शननंतरच्या काळजीचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि प्राणी तिथेच दगावतात. मरणाऱ्या पेशींतून साठलेले इन्सुलिन एकदम बाहेर पडते आणि काही तासांत साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. एका विद्यार्थ्याने संध्याकाळी पाचला इंजेक्शन देऊन साधे पाणी ठेवले. सकाळी आठपैकी तीन उंदीर थंड पडले होते आणि डोस जास्त झाला असे तो समजत होता. रात्रभर ग्लुकोजचे पाणी देणार, 72 तासांनी उपाशीपोटी साखर 250 च्या वर असलेलेच प्राणी घेणार, अतिलघवीमुळे भुसा रोज बदलणार, आणि वजन 20 टक्क्यांहून अधिक घटले तर प्राण्याला वेदनारहित मरण देणार, हे सगळे त्या रकान्यात लिहून द्यावे.

शेवटी तारखा. केंद्रीय समितीच्या प्रतिनिधीशिवाय बैठक होत नाही, आणि त्यांची वेळ मिळेपर्यंत ती पुढे ढकलली जाते, मग तुमच्या विद्यापीठाची मुदत काहीही असो. याची तक्रार कोणाकडे करावी हे मलाही आजवर उमगलेले नाही. बैठकीत ‘दुरुस्तीच्या अटीवर मंजूर’ असे ऐकले की विद्यार्थी त्याच आठवड्यात प्राणी मागवतात, पण दुरुस्त अर्ज स्वीकारून प्रोटोकॉल क्रमांकाचे पत्र हाती येईपर्यंत ती मंजुरी नसते, आणि त्या पत्राच्या तारखेआधी झालेल्या प्रयोगाला मागाहून परवानगी मिळत नाही.