प्लॅटिनमचा सांधा: डाख, वेल्डिंग की लेझर?

सोन्याची अंगठी झाळताना कारागीर टाकणखार (धातू तापताना काळा पडू नये म्हणून लावायचा क्षार) लावतो, ज्योत फिरवून सगळा दागिना तापवतो आणि डाख, म्हणजे सांधा जोडणारा, आधी वितळणारा मिश्रधातू, आपसूक फटीत ओढला जातो. प्लॅटिनमच्या बाबतीत यातली एकही सवय कामाची नाही. सोने 1064 अंश सेल्सिअसला वितळते, तर प्लॅटिनम 1768 अंशांना. शिवाय त्यातून उष्णता फार हळू पसरते. चांदीच्या तुलनेत जेमतेम सहाव्या हिश्श्याने. त्यामुळे जिथे ज्योत, तिथेच उष्णता. हवेत तापवूनही प्लॅटिनम काळे पडत नाही, म्हणून टाकणखाराची गरजच नसते.

950 शुद्धतेच्या (हजारात 950 भाग प्लॅटिनम, बाकी दुसरा धातू), 2 मिलिमीटर जाडीच्या साध्या अंगठीचा सांधा घेऊ. पहिला पर्याय डाखाचा. प्लॅटिनमचे डाख त्यांच्या वितळणाऱ्या तापमानाच्या आकड्यांनी ओळखले जातात: 1100, 1300, 1500, 1700 असे. आकडा जितका खाली, तितके डाखातले प्लॅटिनम कमी आणि सोने, पॅलेडियम, चांदी जास्त. खालच्या आकड्याचा डाख वापरायला सोपा, पण तो अंगठीपेक्षा मऊ असतो. पॉलिश करताना तो लवकर झिजतो, सांध्यावर बारीक खाच पडते आणि रंगातला फरकही दिसतो. अंगठीच्या कड्यासाठी (बोटाभोवतीच्या वळ्यासाठी) 1500 च्या खालचा डाख शक्यतो वापरूच नये. एकाच दागिन्यात अनेक सांधे असतील तर आधी 1700, मग 1500, मग 1300 असे खाली उतरत जावे, म्हणजे आधीचा सांधा पुन्हा सुटत नाही.

डाख फट भरून काढील हा भरवसा मात्र प्लॅटिनमवर चालत नाही. सांधा उजेडासमोर धरला की प्रकाशाची रेघही दिसता कामा नये.

कड्याच्या सांध्याला सर्वांत भरवशाचा पर्याय म्हणजे ज्योतीने केलेले वेल्डिंग. दोन्ही टोके सपाट कानसून घ्यायची, आम्लात धुऊन कानशीच्या लोखंडाचे कण काढून टाकायचे आणि मध्ये त्याच मिश्रधातूचा 0.1 ते 0.2 मिलिमीटर जाडीचा पत्रा सरकवायचा. अंगठीच्या ताणानेच तो घट्ट धरला जावा. मग ऑक्सिजन-हायड्रोजन किंवा ऑक्सिजन-प्रोपेनची बारीक, ऑक्सिजन जास्त असलेली ज्योत थेट सांध्यावर. पातळ पत्रा आधी वितळतो आणि दोन्ही टोकांत मिसळून जातो. नंतर बाहेरचा पत्रा कापून, सांधा हलक्या हातोडीने ठोकून दाट करायचा आणि सुमारे 1000 अंशांना तापवून मऊ करायचा. असा सांधा अंगठीचे माप वाढवतानाही सहसा उघडत नाही, कारण तिथे दुसरा धातूच नसतो.

बिघडते ते बहुतेकदा अस्वच्छतेमुळे. अ‍ॅसिटिलीन नको, त्यातला कार्बन प्लॅटिनमला ठिसूळ करतो. कोळशाची वीटही याच कारणाने नको. ऑक्सिजन कमी पडलेल्या ज्योतीत मातीच्या विटेतला सिलिका सिलिकॉन सोडतो. प्लॅटिनम आणि सिलिकॉन मिळून 830 अंशांच्या आसपासच वितळणारे मिश्रण तयार होते आणि चांगला दिसणारा सांधा ठोकताना तडकतो. म्हणून उच्च तापमानाची सिरॅमिक वीट आणि टंगस्टनच्या टोकाचा चिमटा. लोखंडी चिमट्याने लाल तापलेले प्लॅटिनम धरू नये. डोळ्यांसाठी साधा गॉगल पुरत नाही: डाखाला गडदपणाच्या किमान 5 क्रमांकाची काच, वेल्डिंगला 7 ते 10.

मग लेझर कशाला? खड्यांसाठी. हिरा हवेत 850 अंशांच्या सुमारास जळू लागतो, त्यामुळे जडवलेल्या हिऱ्याजवळ 1500 चा डाख वापरण्याचा प्रश्नच येत नाही. लेझरचा काही मिलिसेकंदांचा झोत अर्धा मिलिमीटर रुंदीचा ठिपका वितळवतो आणि उष्णता पसरत नसल्याने शेजारचा खडा सुरक्षित राहतो. सोन्या-चांदीत लेझरला डोईजड वाटणारी कामे प्लॅटिनममध्ये सहज होतात. कमी उष्णतावहन इथे गुणच ठरतो.

पण ठिपक्याची खोली थोडी असते. 2 मिलिमीटर जाड कड्याच्या सांध्यावर वरूनच लेझर फिरवला तर फक्त साल जोडली जाते, आत फट तशीच राहते. बाहेरून गुळगुळीत दिसणारी ती अंगठी मापाच्या सळईवर ताणली की सांध्यात फाटते. उपाय असा: टोके तिरकी कानसून व्ही आकाराची खाच करायची, तळापासून ठिपके एकमेकांवर चढवत न्यायचे आणि त्याच मिश्रधातूची 0.25 ते 0.35 मिलिमीटरची तार भरत वर यायचे. प्लॅटिनम-कोबाल्टच्या मिश्रधातूला आर्गॉन वायूचे आवरण द्यावे. वेळ लागतो, म्हणून खडा नसलेल्या कड्याला ज्योतच बरी.

जुन्या अंगठीत आधी कुणी सोन्याचा डाख लावलेला असेल तर ज्योत लावण्याआधी तो भाग कापून काढावा. नाहीतर सोने प्लॅटिनममध्ये झिरपते, सांध्याभोवती खड्डे पडतात आणि कितीही पॉलिश केले तरी ते जात नाहीत.