सिक्वेल (सिनेमा)

सिक्वेल म्हणजे आधी येऊन गेलेल्या सिनेमाची गोष्ट पुढे नेणारा सिनेमा. ठाण्यात तिकीट काढताना सिक्वेल असं फारसं कुणी म्हणत नाही, 'पार्ट टू' नाहीतर नुसतं 'दुसरा', म्हणजे "टाइमपासचा दुसरा बघितलास का?" असं. तीच गोष्ट नव्याने केली की रिमेक, आणि आधीच्या काळातली गोष्ट नंतर सांगितली की प्रीक्वेल. 'बाहुबली'चे दोन भाग (२०१५ आणि २०१७) मात्र पहिला चांगला की दुसरा या वादात धरू नयेत, ती एकच गोष्ट मधोमध तोडलेली आहे, कटप्पाने का मारलं हे कळायला दुसरा बघावाच लागतो. आपल्याकडे ही पद्धत जुनीच, 'हंटरवाली' १९३५ चा आणि 'हंटरवाली की बेटी' १९४३ चा.

वाद एकाच गोष्टीवरून होतो, की पहिल्याची सर दुसऱ्याला येते का. ज्या सिनेमाने काहीतरी नवीनच दाखवलं त्याच्या बाबतीत बहुतेक वेळा येत नाही, आणि त्याचं कारण दिग्दर्शक आळशी झाला एवढंच नसतं. नवलाई एकदाच होते. 'मॅट्रिक्स' (१९९९) मधे गोळ्या हवेत थांबतात आणि कॅमेरा माणसाभोवती फिरतो ते बघून लोक चाट पडले होते, पण २००३ मधे त्याचे दोन भाग एकाच वर्षात आले तोपर्यंत ती ट्रिक इतक्या जणांनी उचलली होती की बघणाऱ्याला ती ओळखीची झालेली. 'जॉज' (१९७५) चं तर अजून वेगळं आहे. शूटिंगच्या वेळी यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गला तो कमीत कमी दाखवून काम भागवावं लागलं, नुसतं पाणी आणि ते संगीत, आणि भीती त्यातूनच आली. १९७८ च्या दुसऱ्या भागात स्पीलबर्ग नव्हता, शार्क मात्र भरपूर दिसतो आणि भीती कमी वाटते.

जमलेले

जे दुसरे भाग जमले त्यांनी पहिल्याचा प्रश्नच बदलला असं दिसतं. 'टर्मिनेटर' (१९८४) मधे जो यंत्रमानव मारायला आलेला, तसाच दुसरा १९९१ च्या भागात वाचवायला येतो. 'गॉडफादर' (१९७२) च्या १९७४ मधल्या दुसऱ्या भागात मायकलची पुढची गोष्ट आणि त्याच्या बापाचं तरुणपण शेजारी शेजारी ठेवलंय, बाप माणसं जोडत जातो आणि मुलगा एकेक तोडत जातो, हे बघितल्यावर पहिला सिनेमासुद्धा वेगळा वाटायला लागतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला तो पहिला सिक्वेल. हिंदीत 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) ने पहिल्यातलं हॉस्पिटल सोडून थेट गांधीजी आणले, मुन्ना आणि सर्किट तेच पण काम नवं.

'दृश्यम'चं उदाहरण इथे खास घ्यायला पाहिजे. मूळ मल्याळम, २०१३ चा. हिंदीतला पहिला (२०१५) निशिकांत कामत यांनी केला, 'डोंबिवली फास्ट' वाले, म्हणजे आपल्या जिल्ह्याला जवळचा माणूस. ते २०२० मधे गेले आणि २०२२ चा दुसरा भाग अभिषेक पाठक यांनी केला. पहिल्याच्या शेवटी मारल्या गेलेल्या मुलाचं प्रेत नव्या पोलीस स्टेशनच्या जमिनीखाली आहे हे फक्त नायकाला आणि आपल्याला माहीत असतं. पुढे काय, हा प्रश्न मूळ गोष्टीतच पुरलेला होता, म्हणून दुसरा चिकटवलेला वाटत नाही.

मराठीत

'झपाटलेला' (१९९३) बघून घरातल्या बाहुल्या रात्री कपाटात बंद करणारी पोरं आज चाळीशीत आहेत. तात्या विंचूचा तो बाहुला बोलक्या बाहुल्यांचे कलाकार रामदास पाध्ये यांचा, दोऱ्या आणि हातांनी हलवलेला, आणि त्याच्यासमोर घाबरून त्रेधा उडालेले लक्ष्मीकांत बेर्डे. २०१३ मधे दुसरा थ्रीडीत आला, मराठीसाठी ती मोठीच उडी होती, मुलांना चष्मा लावून बाहुला अंगावर येताना बघायला मजा आली. पण बेर्डे २००४ मधेच गेलेले. बाहुला परत आणता येतो, त्याला घाबरणारा तो माणूस कुठून आणणार?

'धर्मवीर' (२०२२) ठाणेकरांसाठी वेगळाच विषय. प्रसाद ओकने ठाण्यातले शिवसेनेचे नेते आनंद दिघे उभे केले, आणि पडद्यावर टेंभी नाका, तिथला दिघेंचा आनंदाश्रम आला की थेटरात मागून कुणीतरी "आपला नाका!" म्हणणारच, कारण बघणाऱ्यांतल्या कित्येकांनी साहेबांना तिथे प्रत्यक्ष बघितलेलं. पहिल्या भागात दिघेंचा २००१ मधला मृत्यू येऊन गेला होता, त्यामुळे २०२४ च्या 'धर्मवीर २' ला पुढे जायला जागाच कमी, आठवणींतून मागे जावं लागतं. ओकचं काम दुसऱ्यातही मनापासूनचं आहे, पण पहिल्या वेळी घशात जो आवंढा आला तो परत आला नाही.

मराठीत नीट जमलेला म्हणायचा तर 'मुंबई-पुणे-मुंबई'. २०१० च्या पहिल्यात फक्त दोघं, पुण्यातला एक दिवस, गप्पा, आणि दोघांना नावंसुद्धा नाहीत. कमी माणसांत सिनेमा होतो हे त्याने दाखवलं. सतीश राजवाडे यांनी २०१५ मधे तोच दिवस परत न करता दोघांना नावं दिली, गौरी आणि गौतम, घरची माणसं आणली, आणि लग्न ठरल्यावर पोटात जो गोळा येतो त्यावर सिनेमा केला. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे तोवर पाच वर्षांनी मोठे झालेले, बघणारेही झालेले, पहिला कॉलेजमधे असताना बघितलेली जोडपी दुसऱ्याला नवरा-बायको म्हणून बसली होती. २०१८ च्या तिसऱ्यात त्यांच्याकडे बाळाची चाहूल लागते.