वगळलं, गाळलं, कटलं

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागते. खाली लिहिलेलं असतं, 'खालील नावे वगळण्यात आली आहेत'. पारावर तीच बातमी पोचते ती 'आपलं नाव कटलं' अशी. कटणं हिंदीकडचं. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडलं गेलं आणि १९५६ पर्यंत विदर्भाचा कारभार नागपुरातून, हिंदी मुलखाच्या सोबतीनं चालला. त्या सोबतीत असे बरेच शब्द इकडे रुळले.

मराठीचे स्वतःचे शब्द मात्र बारकाईनं बघण्यासारखे आहेत. गळणे-गाळणे, सुटणे-सोडणे या जोड्या पडणे-पाडणेसारख्या. पहिल्यात गोष्ट आपोआप होते, दुसऱ्यात कुणीतरी करतं. 'नाव सुटलं' म्हणजे नजरचूक, 'सोडलं' म्हणजे जाणूनबुजून. वगळणेला असा आपोआपचा जोडीदार नाही. नाव स्वतःहून वगळत नाही, वगळणारा लागतोच. म्हणून तर सरकारी मराठीला 'वगळण्यात आले' लागतं. कृती दिसते, करणारा दिसत नाही. आणखी एक, वगळायला आधी सगळा गट समोर लागतो. 'रविवार वगळता' म्हणताना आठवडा गृहीतच असतो.

गाळणे जरा फसवं आहे. चहा गाळला की चहा ठेवायचा आणि चोथा फेकायचा. ओळ गाळली की मात्र ओळच गेली. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो (डोया, काया, जवय), त्यामुळं घोटाळा वाढतो. तिथं चहाही गायतात आणि भजनही गातात. 'बुवानं एक अभंग गायला' यात अभंग म्हटला की टाळला, हे मागचंपुढचं ऐकल्याशिवाय कळत नाही.

गळालं की गाळलं, हा प्रश्न या मुलखात जुना आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या आठवणी जमवून लीळाचरित्र लिहिलं. पुढं शतकानुशतकं महानुभावांनी हातानं नकला केल्या, त्याही सांकेतिक लिप्यांत. एका पोथीत असलेली लीळा, म्हणजे एखादी आठवण, दुसरीत नसते, तेव्हा ती नक्कल करताना गळाली की कुणी गाळली, हे संपादकाला ठरवावं लागतं.

'वगळणे' हा शब्द गावकऱ्याला खऱ्या अर्थानं बोचला तो योजनांच्या याद्यांमुळं. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत पूर्ण माफी होती ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. त्यावरच्यांना थकबाकीचा ७५ टक्के हिस्सा भरला तर २५ टक्के सूट. ओलिताच्या भागात पाच एकर म्हणजे बरं चाललेलं घर. यवतमाळ-वाशीमकडं कोरडवाहू सात एकर कपाशीही पावसानं दगा दिला की काहीच देत नाही. रेषा सगळ्यांना सारखीच होती, फक्त जमीन सारखी नव्हती. २०१९ च्या पीएम-किसानमध्येही आधी दोन हेक्टरचीच अट होती. ती काही महिन्यांत काढली, पण आयकर भरणारे वगळलेलेच राहिले.

मतदार यादीतून नाव वगळायला नमुना ७ चा अर्ज असतो. तलाठ्याच्या दप्तरात हा शब्द फारसा भेटत नाही. तिथं नाव 'कमी' होतं. बहिणीनं हक्कसोडपत्र करून दिलं की फेरफार पडतो आणि तिचं नाव कमी होतं. इथं सोडणारी तीच, निदान कागदावर. तिनं मनानं सोडलं की दिवाळीला माहेरी यायचा रस्ता बंद होऊ नये म्हणून, ते सातबाऱ्याला विचारायची सोय नाही.

हाती लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर अशा नावाला नुसता कंस करायचे. खोडायचे नाहीत. आज कुणी वंशावळ जुळवायला जुनी नक्कल काढतो, तेव्हा आजीचं नाव त्या कंसात नीट वाचता येतं.