फ्लॅश मंद केला म्हणून मऊ होत नाही

"लाइट कडक पडतोय, पॉवर कमी कर." रत्नागिरीपासून मालवणपर्यंत कुठल्याही शूटवर हे वाक्य कानावर येतं. काम होमस्टेचं असो, कोकम सरबताच्या बाटलीचं असो की हापूसच्या पेटीचं. पॉवर कमी होते, फोटो काळवंडतो, मग कुणीतरी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवतं, आणि सावली होती तशीच धारदार राहते. मंद प्रकाश वेगळा आणि मऊ प्रकाश वेगळा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून स्टँडवर लावणाऱ्याला हे आधी कळायला हवं.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार याचं गणित, तुम्हाला येतं असं धरतो. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं भोक) आणि आयएसओ फ्लॅशवरही चालतात आणि भोवतालच्या उजेडावरही. शटर मात्र सिंक स्पीडच्या (फ्लॅश पूर्ण फ्रेमवर पडू शकतो तो सर्वात जलद शटर वेग) आत, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत, फक्त भोवतालच्या उजेडावर चालतं. यापलीकडे इथे एक्स्पोजरचं काम नाही.

मंद म्हणजे प्रकाश कमी. मऊपणा मात्र सावलीच्या कडेला बघायचा. ती कड रेघेसारखी आहे की हळूहळू विरत जाते? हे ठरतं ते वस्तूच्या जागेवरून पाहिलं तर दिवा केवढा दिसतो यावर. सूर्य केवढा अवाढव्य, पण १५ कोटी किलोमीटर लांब, म्हणून आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा. त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात तुळशीवृंदावनाची सावली अंगणात आखल्यासारखी पडते. मृगाचं मळभ आलं की सगळं आभाळच दिवा होतं आणि तीच सावली शोधावी लागते.

पटत नसेल तर रात्री खोलीत अंधार करून टेबलावर एक आंबा ठेवा. फ्लॅश फुल पॉवरवर, आयएसओ १०० ठेवून एक फोटो काढा. मग फ्लॅश जागचा न हलवता पॉवर १/१६ आणि आयएसओ १६०० करून दुसरा काढा. नॉइज (फोटोतले बारीक दाणे) सोडला तर दोन्ही फोटो सारखेच, सावलीची कडसुद्धा.

मग घोळ होतो कुठे? दिवसा. भोवताली उजेड असताना पॉवर कमी केली की तो उजेड सावलीत शिरतो आणि सावली फिकट होते. फिकट सावली बघून लोक म्हणतात, बघा, सॉफ्ट झालं. सावलीचा काळेपणा आणि सावलीची कड या दोन गोष्टी आहेत. काळेपणा भोवतालच्या उजेडाने किंवा पलीकडे धरलेल्या थर्माकोलने उतरतो. कड बदलते ती दिव्याच्या आकाराने आणि अंतराने, पॉवरने नाही.

आणि इथेच दुसरी चूक होते, जी मला जास्त खुपते: "कडक वाटतोय, फ्लॅश जरा मागे घे." एक मीटरवरचा फ्लॅश दोन मीटरवर नेला की प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो आणि दिवाही निम्मा दिसतो. म्हणजे प्रकाश मंदही झाला आणि कडकही. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर लावायचा, पुढे पांढरं कापड असलेला डबा) ६० सेंटिमीटरवर लावला तर पन्नास अंशांहून जास्त जागा व्यापतो, तोच तीन मीटरवर जेमतेम अकरा. मऊ हवा असेल तर जवळ आणा, अगदी फ्रेमच्या कडेला टेकेपर्यंत, आणि मग खुशाल पॉवर उतरवा.

फ्लॅशच्या डोक्यावर बसवायची ती प्लास्टिकची पांढरी डबी मी कुणालाच घेऊ देत नाही. ती चालते पांढऱ्या छताच्या, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत, कारण तिथे भिंती दिवा होतात. आपल्या कौलारू घरात छत नाही, प्रकाश वाशांत जिरतो, आणि उघड्या चिऱ्यावरून परततो तो तांबूस होऊन. किनाऱ्यावर तर काहीच परतत नाही, नुसती बॅटरी संपते.

फ्लॅशला लावायची छत्री की सॉफ्टबॉक्स, यावर वाद नको. समुद्रावरच्या वाऱ्यात दोन्ही शिडासारखे फुगतात. पोत्यात वाळू भरून स्टँडला बांधा.

बाटलीचं गणित थोडं वेगळं. काच दिव्याचा आकारच दाखवते. उघड्या फ्लॅशचा लेबलाशेजारी पांढरा ठिपका येतो, जवळच्या उभ्या सॉफ्टबॉक्सची बाटलीच्या अंगावरून सरळ पट्टी उतरते. कोकम इतकं गडद असतं की फक्त समोरून प्रकाश टाकला तर काळं दिसतं. बाटलीपेक्षा किंचित लहान पांढरा पुठ्ठा कापून मागे लपवा, दुसरा फ्लॅश त्यावर मारा, की तो लाल रंग उजळतो.

पण सगळंच मऊ करू नका, ही माझी कळकळीची विनंती. सुकत घातलेल्या बांगड्यांची खवलं, हापूसच्या सालीवरचे ठिपके, चिऱ्याची भोकं यांना बाजूने येणारा कडक प्रकाशच लागतो. होमस्टेच्या भिंतीवर माडाच्या झावळीची सावली पाडायची तर फ्लॅशवर काहीही न लावता तो लांब ठेवा आणि झावळ भिंतीजवळ धरा. सॉफ्टबॉक्स लावलात तर पाती मिसळून भिंतीवर नुसते डाग पडतील. संध्याकाळी हाच फोटो काढताना पॉवर मी बरीच खाली ठेवतो. सावली फिकट पडते, भिंतीचा रंग तिच्यातून दिसत राहतो, आणि तरीही झावळीचं एकेक पातं मोजता येतं.