वाशिष्ठीच्या खाडीतला कोन

दाभोळ आणि धोपावे ही कोकणातली गावे वाशिष्ठीच्या खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली आहेत; दाभोळ उत्तरेच्या काठावर, धोपावे दक्षिणेच्या. धोपाव्याहून निघालेल्या बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, तांडेलाने, म्हणजे बोट हाकणाऱ्याने, नेमकी उत्तरेकडे धरली, तरी ओहोटीच्या वेळी बोट सरळ उत्तरेला जात नाही, कारण खाडीचे पाणी पश्चिमेला समुद्राकडे ओढ घेत असते आणि बोटीलाही आपल्याबरोबर नेत असते. बोट प्रत्यक्षात कोणत्या दिशेने जाते, हे अंशांत सांगायचे असेल तर सदिशाचा, म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या राशीचा, दिशाकोन काढावा लागतो. त्याचे गणित दहावीच्या त्रिकोणमितीत बसणारे आहे, मात्र त्यात एक जागा अशी आहे की जिथे हुशार विद्यार्थीही हमखास चुकतात.

पाण्याच्या तुलनेत बोटीचा वेग सेकंदाला २ मीटर आणि ओहोटीच्या प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटर आहे, असे समजू. पूर्व दिशा क्ष-अक्षाची धन बाजू आणि उत्तर दिशा य-अक्षाची धन बाजू मानली, तर बोटीच्या प्रत्यक्ष वेगाचा क्ष-घटक −१ आणि य-घटक +२ होतो. पायथागोरसच्या प्रमेयाने या वेगाचे परिमाण ५ चे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला सुमारे २.२४ मीटर येते. दिशाकोन पूर्वेपासून सुरू करून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतात, आणि त्या कोनाचा टॅन म्हणजे य-घटक भागिले क्ष-घटक. येथे हे गुणोत्तर −२ आहे. कॅल्क्युलेटरला ज्याचा टॅन −२ आहे असा कोन विचारला, की तो −६३.४ अंश असे उत्तर देतो. हा कोन पूर्व आणि दक्षिण यांच्या मधला आहे, आणि आपली बोट तर उत्तर आणि पश्चिम यांच्या मधून चालली आहे.

कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही. आता परतीची फेरी पाहू. सुमारे सहा तासांनी पाणी फिरते, भरती खाडीत पूर्वेकडे शिरू लागते, आणि त्याच वेगाची बोट दाभोळहून दक्षिणेकडे नाळ करून निघते. या वेळी घटक आहेत +१ आणि −२, आणि त्यांचे गुणोत्तर पुन्हा −२. जाण्याची आणि येण्याची दिशा एकमेकींच्या नेमक्या विरुद्ध असूनही दोन्हींचा टॅन एकच येतो, कारण भागाकार करताना कोणता घटक ऋण होता ही माहिती पुसली जाते. कॅल्क्युलेटरच्या हाती फक्त −२ पडतो, आणि तो −९० ते +९० अंशांच्या दरम्यानचा कोन सांगून थांबतो. म्हणून भागाकार करण्याआधी दोन्ही घटकांची चिन्हे पाहून सदिश कोणत्या चरणात, म्हणजे दोन अक्षांनी केलेल्या चार भागांपैकी कोणत्या भागात, आहे हे ठरवणे, ही या साऱ्या रीतीतली खरी पायरी आहे असे मला वाटते. क्ष-घटक ऋण असेल तर आलेल्या कोनात १८० अंश मिळवावे लागतात. त्यानुसार जाणाऱ्या बोटीचा दिशाकोन ११६.६ अंश होतो. परतीच्या बोटीचा −६३.४, म्हणजेच २९६.६ अंश.

अक्षावरच पडणारे सदिश आणखी सावधपणे हाताळावे लागतात. किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे नेमके पश्चिमेला जात आहेत असे मानले, तर य-घटक शून्य असल्याने टॅनही शून्य येतो आणि कॅल्क्युलेटर शून्य अंश, म्हणजे पूर्व, असे सांगतो. खरा कोन १८० अंश आहे. क्ष-घटकच शून्य असेल तर भागाकार करताच येत नाही, आणि उत्तर ९० की २७० हे य-घटकाच्या चिन्हावरून ठरवावे लागते. या अडचणींसाठीच संगणकाच्या भाषांमध्ये एटॅन२ हे फलन असते, जे भागाकार न मागता दोन्ही घटक वेगवेगळे घेते. बहुतेक भाषांत त्याला आधी य-घटक द्यावा लागतो, तर एक्सेलमध्ये आधी क्ष-घटक. हा क्रम चुकला तर कोनही चुकतो.

होकायंत्र मात्र उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजते. त्यासाठी ९० मधून दिशाकोन वजा करायचा, आणि उत्तर ऋण आल्यास ३६० मिळवायचे. आपल्या बोटीसाठी ९० वजा ११६.६ म्हणजे −२६.६, अर्थात ३३३.४ अंश: उत्तरेपासून पश्चिमेकडे २६.६ अंश कललेली वाट. वाऱ्याच्या बाबतीत आणखी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो, कारण प्रवाहाची दिशा तो जिकडे जातो त्यावरून सांगतात, तर वाऱ्याची तो जिकडून येतो त्यावरून. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा ईशान्येकडे वाहतो, त्याचा सदिश ४५ अंशांवर असतो, पण हवामानाच्या नोंदीत तो २२५ अंशांचा वारा म्हणून लिहिला जातो.

तांडेलाला अर्थातच वाहत न जाता समोरच्या धक्क्यावर पोहोचायचे असते, म्हणून तो ओहोटीत नाळ थोडी पूर्वेकडे, प्रवाहाच्या विरुद्ध, वळवून धरतो. किती वळवायची, हे सांगायला टॅनऐवजी साइन लागतो, म्हणजे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास जिची कोष्टके दिली ती ‘ज्या’. बोटीच्या २ मीटर वेगातला पूर्वेकडचा भाग प्रवाहाच्या १ मीटरला पुरता खोडून काढायला हवा, तेव्हा त्या कोनाची ‘ज्या’ १ भागिले २, आणि कोन ३० अंश. तेवढी नाळ वळवली की बोट सरळ उत्तरेला जाते. फक्त तिचा पुढे सरकण्याचा वेग २ ऐवजी सेकंदाला १.७३ मीटर उरतो.