कंसातला रोमन आकडा अणू मोजत नाही

‘आयर्न (तीन) क्लोराइडमधला तीन म्हणजे क्लोरीनचे तीन अणू,’ हा समज वर्षानुवर्षं वह्यांतून उतरत आलाय. इथे उत्तर जुळतं, म्हणून कुणी शंकाही घेत नाही.

आता लाल कॉपर ऑक्साइड घ्या. तांब्याचे अणू दोन, ऑक्सिजनचा एक. तरी नाव कॉपर (एक) ऑक्साइड! ऑक्सिजनचा ऋणप्रभार दोन, तो दोन तांब्यांत वाटला की प्रत्येकी धन एक. तोच आकडा कंसात. काळ्या ऑक्साइडमध्ये एका ऑक्सिजनमागे तांब्याचा अणू एकच, म्हणून कॉपर (दोन). अणू निम्मे, आकडा दुप्पट.

कॅल्शियम क्लोराइडला मात्र कंस नाही, दोन दाखवणारा ‘डाय’ही नाही, क्लोरीन दोन असूनही. कॅल्शियमचा प्रभार नेहमीच धन दोन, सांगायचं काय?