गुजरीतले केडीएम आणि मूत्रपिंडाच्या पेशी

कोल्हापूरच्या गुजरीत दागिना घेताना ‘केडीएम आहे ना?’ हा प्रश्न एके काळी हमखास विचारला जाई. केडीएम म्हणजे सोन्याच्या झाळकामात वापरले जाणारे कॅडमियम. ते 767 अंश सेल्सिअसला उकळते आणि झाळताना बरेचसे उडून जाते, त्यामुळे सोन्याचा कस फारसा उतरत नाही. मात्र उडालेली वाफ फुंकणी घेऊन बसलेल्या कारागिराच्या श्वासात जाते. तेथून यकृत आणि अखेरीस मूत्रपिंड हा तिचा मार्ग असून मूत्रपिंडातील निम्मे कॅडमियम बाहेर पडायला 10 ते 30 वर्षे लागतात.

या संचयाचा पहिला धागा 1957 मध्ये मार्गोशेस आणि व्हॅली या संशोधकांना घोड्याच्या मूत्रपिंडात सापडला. कॅडमियमला धरून ठेवणारे ते प्रथिन पुढे मेटॅलोथायोनिन म्हणून ओळखले गेले. त्याला बांधलेला धातू रक्तातून गाळला जातो, पण मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकेच्या सुरुवातीच्या भागातील पेशी तो मौल्यवान प्रथिन समजून पुन्हा आत ओढतात, प्रथिन पचवतात आणि मोकळा झालेला धातू त्यांच्याच अंगाशी येतो. जपानमधील जिन्झू नदीकाठचा ‘इताई-इताई’ हा हाडे ठिसूळ करणारा आजार कॅडमियममुळेच होतो, हे तेथील सरकारने 1968 मध्ये मान्य केले.

असे विष मूत्रपिंडाच्या पेशींवर तपासायचे तर प्रयोगशाळेत मात्र आधी आल्या त्या प्राण्यांच्या पेशी: 1958 मध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून एमडीसीके ही पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी, तयार झाली. माणसाच्या नलिकेच्या त्या सुरुवातीच्या भागातील एचके-2 पेशींसाठी 1994 उजाडावे लागले. दरम्यान 1983 मध्ये संशोधक मोसमन यांनी पेशी जिवंत आहेत का हे दाखवणारी एमटीटी चाचणी दिली. 96 खाचांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवून त्यांवर धातूच्या चढत्या मात्रा सोडायच्या आणि मग पिवळा रंग घालायचा; जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा जिथे फिकटतो, तिथे विषाची मात्रा कळते.

पद्धत स्वस्त आणि झटपट असल्याने ती सर्वत्र रुळली, पण तिच्यावर भिस्त किती ठेवावी, हा प्रश्न उरतोच. एचके-2 पेशींमध्ये मूळ नलिकेतील काही वाहक प्रथिने (पदार्थ पेशीच्या आत-बाहेर नेणारी) जवळपास आढळत नाहीत. शिवाय चाचणीची मुदत बहुधा 24 तासांची, तर कारागिराच्या शरीरातला धातू साठतो तो वर्षानुवर्षे. म्हणूनच आता काही प्रयोगांत अगदी थोडी मात्रा देऊन पेशी आठवडेच्या आठवडे वाढवल्या जातात.